पुरणाऱ्यांचा देश

"त्यांनी त्यांचा देश मागून घेतला ना? मग पुरायला आमच्या गावात जागा कशाला? ज्याचा धर्म, त्याचा देश. मिटला विषय!"

हैबतरावनं मडगार्डवर थाप मारली. ट्रॅक्टर त्यानं मुद्दामच पायवाटेवर आडवा लावला होता. एका अंगाला त्याच्या भातशेताचं तारेचं कुंपण, दुसऱ्या अंगाला खोल ओढा. ट्रॅक्टरच्या पलीकडं मुसलमानांचं कबरस्तान, आन त्याला चिकटून कातकऱ्यांची पुरायची जागा. मधी ना कुंपण, ना दगड.

सोमा टिकाव घेऊन उभा होता. सकाळीच त्याची आय गेली, आवडी. वाडीत चटईवर ठेवलेली. गडब गावचे पाव्हणे टेंपोत बसून निघाले होते. दिवस मावळायच्या आत खड्डा पायजे.

"दादा, देशाचं तुमी उद्या बघा. आज मला पलीकडं जाऊ द्या."

"अरे, तुला कोण घालवतंय? तू आपल्यातला," हैबतराव हसला. "आयला जाळ. लाकडं मी देतो, फुकट. पण पुरायचं आन वर आपल्यातलं म्हणायचं, कसं चालंल?"

बांधावर गुणाजी तंबाखू मळत बसला होता, तो खिदळला. "घे रे लाकडं, सोम्या. नायतर तुला पासपोट काढायला लागंल."

सोमाचं डोकं सणकलं. फुकट म्हणे! त्याच लाकडांच्या मोळ्या आयनं जन्मभर डोंगरावरून डोक्यावर आणून ह्याच्या अंगणात टाकल्या होत्या.

"तुझ्या बापाशेजारी ठेव मला, येवढंच बोलली आय. बाप तिथं हाय."

"आवाज खाली, सोम्या."

"नाय करत! पुरणाऱ्यांचा देश येगळा ना? मग तुझं पोर कुठल्या देशात हाय?"

इतका वेळ 'तुमी' होतं, त्याचं 'तू' झालं. गुणाजीचा अंगठा तळहातावरच थांबला. हैबतरावचं पहिलं पोर महिन्याचं होऊन तापानं गेलं होतं. तान्ही पोरं कोण जाळत नाय, पुरतात, सगळ्या गावाला ठाव. तेव्हा हैबतराव ओट्यावर बसून रडत होता आन खड्डा सोमाच्या बापानं खणला होता. ह्याच वाटेनं जाऊन, मुसलमानांच्या कबरीपासून चार हातांवर.

हैबतरावनं झेप घेऊन सोमाची कॉलर धरली. "माझ्या पोराचं नाव काढतो? जीभ हासडीन!"

"हासड! पण आधी सांग, त्याला उकरून आणणार, का त्यांच्या देशात धाडणार?"

खाडकन कानाखाली बसली. सोमाची टिकावावरची मूठ आवळली. तेवढ्यात कुंपणाआडून हैबतरावची बायको हौसा उठली. भात कापता कापता तिनं सगळं ऐकलं होतं. विळा हातातच.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "आन ट्रॅक्टर काढा."

"तू मधी पडू नको गो. ही देशाची गोष्ट हाय."

"चुलीत घाला तो देश. माझं लेकरू हाय तिकडं."

हैबतरावनं कॉलर सोडली, पण ट्रॅक्टरची किल्ली खिशातून काढली नाय. गुणाजीनं कायतरी बोलावं म्हणून त्याच्याकडं बघत राह्यला. गुणाजीनं घाईघाईनं तंबाखू ओठाखाली धरली. बोलायला नको!

सोमानं टिकाव पलीकडं भिरकावला. चिखलाचा पाय सरळ नव्या कोऱ्या बॉनेटवर ठेवला आन वर चढला.

"उतर खाली! सोम्या, माझं बोलणं संपलं नाय अजून!"

"गुणाजीशी बोल. मला जायाचंय आता, आय खोळंबलीय."