चोविसाव्या शब्दाचं उदाहरण

सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या, मुलाखतीसाठी मी कॉस्मासला त्यांच्याच यादीतले चाळीस इंग्रजी शब्द शिकवले. धर्म, विचार, ज्ञान यांबद्दलचे जड शब्द. मिशनच्या वाचनालयात मी तीस वर्षं काढली, गाव मला मास्तर म्हणतं, पण मला शिकवता येतं का, हे आजही नक्की सांगता येणार नाही. एकच युक्ती ठाऊक होती: प्रत्येक शब्दाला गावातलं एक माणूस बांधायचं, म्हणजे शब्द पळत नाही. ओम्निशंट म्हणजे सर्वज्ञ. तिथे आम्ही पोस्टमास्तरची बायको लिहिली. ॲग्नॉस्टिक म्हणजे देव आहे की नाही हे कळणं शक्य नाही, असं मानणारा; तिथे मी माझं नाव लिहिलं आणि लगेच खोडलं.

चोविसावा शब्द होता आयडॉलटर, मूर्तिपूजक. कॉस्मास अडला.

"तुझी आई," मी म्हणालो. बहुधा त्याला हसवायला.

तो हसला आणि त्याने ते वहीत लिहिलं.

त्याची आई आयुओ ज्वारीची बिअर करून विकायची. नवरा वारल्यापासून आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या नावाची कोरीव लाकडी काठी तिच्या घरात कोपऱ्यात उभी होती. प्रत्येक खेपेच्या बिअरचे पहिले चार थेंब ती त्या काठीला द्यायची आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत पुढे बसायची. त्याच बिअरवर कॉस्मास शिकला. गेल्या वर्षी याच मुलाखतीत तो इंग्रजीत गळला होता. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती.

मुलाखतीला आई किंवा बाप सोबत लागतो. सेमिनरीचे प्रमुख, रेक्टर फादर आन्साह, दक्षिणेकडचे, समुद्राकाठचे. त्यांना आमची भाषा येत नाही. म्हणून दुभाष्या मी.

कॉस्मासने तेवीस शब्द धडाधड सांगितले. आयुओला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दर उत्तराला ती मान हलवत होती.

"आयडॉलटर," फादर म्हणाले. "अर्थ नको. पाहण्यातलं माणूस सांग."

कॉस्मासने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"माझी आई, फादर. घरात लाकूड पुजते."

फादरांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, हा काय म्हणाला ते बाईंना सांगा."

मी म्हणालो, "आयुओ, तो म्हणतो, तू त्याच्या बापाला विसरली नाहीस."

आयुओ मोठ्याने हसली. "विसरतेय कशी! बिअर म्हटलं की जीव टाकायचा मेला!"

"हसतात कशाला या?" फादरांनी विचारलं.

"मास्तरांनी वेगळंच सांगितलं, फादर," कॉस्मास म्हणाला. मग आईकडे वळून आमच्या भाषेत, सावकाश, "आई, मी म्हटलं, तू लाकडाला देव मानतेस. असली माणसं देवाची नसतात."

आयुओचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "हे रे कुणी शिकवलं तुला?"

"मास्तरांनी."

फादर खूश झाले. "मुलगा स्पष्ट बोलतो. ते लाकूड रविवारच्या आत जाळ, मग ये. जागा तुझी."

"आता काय म्हणाले?" आयुओने मला विचारलं.

या वेळी मी एक शब्दही बदलला नाही.

शनिवारी कॉस्मासने अंगणात काठी कुऱ्हाडीने फोडली. आयुओची चूल पेटलेलीच होती, वर बिअरचा हंडा उकळत होता. त्याने ढलप्या त्याच चुलीत सारल्या. "लाकूड सुकं आहे, आई, चांगलं जळेल," म्हणाला. तिने हंडा उतरवला नाही. सोमवारी तो गेला.

गुरुवारी आयुओ त्या बिअरने भरलेली भोपळ्याची तुंबडी घेऊन माझ्या दारात उभी.

"मास्तर, पहिले चार थेंब ठेवलेत. कुणाला देऊ? तू शिकलेला आहेस, सांग."

मी तिला बसही म्हणालो नाही.

"बरं, ती वही दाखव. कॉस्मास म्हणाला, त्यात माझं नाव आहे. कुठंय?"

वही कॉस्मास माझ्याकडे टाकून गेला होता. मी पान उघडून बोट ठेवलं.

"आयुओ लिहिलंय?"

"नाही. आई लिहिलंय."

तिने बोट बिअरमध्ये बुडवलं आणि तो शब्द घासायला लागली. कागद फाटेपर्यंत घासत राहिली. बॉलपेनने दाबून लिहिलेली अक्षरं, ती खालच्या पानावरही उमटली होती.