भिंतीकडे तोंड केलेली बाजू

मित्रांनो, माझे कौतुक आता पुरे झाले! मी एक जुना कागद आहे. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बड्या व्यापाऱ्याने आपल्या पुढारी मित्राला माझ्यावर पत्र लिहिले. दोघांची भाताची अफाट शेते होती आणि तिथे राबायला विकत घेतलेली माणसे होती.

माझ्या पुढच्या बाजूवर वळणदार अक्षरात लिहिले आहे, 'आम्ही इंग्रजांच्या राजाचे गुलाम होऊन जगणार नाही.' शाई वाळली, तसे त्याने मला उलटले आणि लिहिले, 'तुमची मद्याची पिंपे पोचली. बदल्यात फीबी नावाची नऊ वर्षांची मुलगी पाठवतो. तिची आई फार रडते, तिला इथेच ठेवतो.' लाज कशी वाटली नाही मेल्याला? तेव्हापासून माझे डोके फिरलेले आहे.

२०१५ साली मी सिंगापूरला आलो, जुरोंग ईस्टमधल्या एका प्रदर्शनात. पुण्याहून आलेल्या मधुवंती या संशोधक मुलीने मला दोन काचांमध्ये उभे बसवले. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून मागच्या बाजूचा मजकूरही छापून तिकडे लावला. आणि मॅनेजर प्रबोध यांनी मला नेऊन भिंतीला चिकटून उभे केले!

"सर, मागचं दिसत नाहीये," मधुवंती म्हणाली.

"अगं, लोक वीकेंडला मुलांना घेऊन येतात. फ्रीडमवालं दाखव ना. मागचं फार डिप्रेसिंग आहे."

"मग ती मुलगी गेली कुठे, हे कोणी सांगायचं?"

"तू तर नकोच सांगूस."

उद्घाटनाच्या दिवशी मधुवंतीने सगळ्यांदेखत मला भिंतीपासून ओढले. प्रबोध यांची नऊ वर्षांची लेक जाई मागे येऊन वाचू लागली.

"पप्पा, शी ऑल्सो नाइन, लेह! देन हर मम्मी हाउ?" तिने सिंगापुरी इंग्रजीत विचारले.

"चल, खाली आइस्क्रीम खाऊ," प्रबोध म्हणाले आणि तिला घेऊन गेले. संध्याकाळी मी पुन्हा भिंतीला टेकलो. मधुवंतीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले.

मित्रांनो, जुने कागद जपा, असे मी म्हणायला हवे. नाही म्हणणार! मला थंड हवेत ठेवतात, हातमोजे घालून उचलतात. त्या पोरीला कोणी असे जपले का? तिचे नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही, फक्त माझ्या पाठीवर आहे. मला फिरवा! फाटलो तरी चालेल.