खिळ्यावरची किल्ली

मी एक जुनी जीप आहे. बोरी अरबला अन्सारभाईंच्या वर्कशॉपमागे, बाभळीखाली उभी असते. उभी म्हणायचं ते आपलं लाजेखातर. माझी चाकं काढून नेली, आता विटांवर टेकले आहे.

मित्रांनो, मी कोण्या शोरूममधून हार घालून आले नाही. एका कचेरीने मला भंगारात काढलं आणि अन्सारभाईंनी लिलावात उचललं. त्यांनी गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन खोललं, हिरवा रंग दिला. मी पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा गल्लीतली पोरं धूर खात मागे पळाली होती.

अन्सारभाईंनी तेव्हाच एक पद्धत पाडली. माझी किल्ली घरात नाही, बाहेरच्या दाराजवळ खिळ्यावर असायची. ज्याला गरज, त्याने न्यावी. परत आणताना डिझेल टाकावं. तेही जमत नसेल तर सीटवर तुरीच्या शेंगा नाहीतर मेथीची जुडी ठेवावी. मी बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले. "अन्सारभाईची जीप हाय, मंग चिंता कायची?" असं लोक म्हणत, आणि मी फुगायचे.

पण त्यांच्या बायकोला, शमसुन्निसाभाभींना, ही पद्धत महागात पडली. ढाणकीला त्यांची आई अखेरच्या घटका मोजत असल्याचा निरोप आला, आणि खिळा रिकामा होता. मी शेजारच्या वच्छलाबाईंच्या मुलीच्या वरातीत फुलांनी नटून मिरवत होते. भाभी एसटीने पोचल्या तोवर दफन झालं होतं. त्यांनी राग पोटात ठेवला.

मी थकले तेव्हा नव्या गाडीची गोष्ट निघाली. नागपूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा आमिर म्हणाला, "अब्बा, विकत कायले घेता? लीजवर घ्या. दर महिन्याले भाडं भरा, मुदत झाली की परत द्या. दुरुस्ती कंपनीचीच."

"परत द्याची गाडी घरात आनून काय करू? उद्या कोनाले चालवाले द्याची झाली तं?"

"नाही देता येत. करारातच हाय. चालवाची आपनच."

भाभी चहा गाळत होत्या. गाळणी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "मंग तेच घ्या. विकत घेतली तं पुन्हा सारा गाव दारात. गाडी आपली नाही म्हटलं की झालं!"

अन्सारभाईंना ती वरात आठवली असावी. त्यांनी आमिरला होकार दिला.

पांढरी गाडी आली. तिची किल्ली कपाटात गेली. दाराजवळचा खिळा भाभींनी स्वतः पक्कड घेऊन उपटला.

एका दुपारी वच्छलाबाई धापा टाकत आल्या. "भाभी, सुनेले कळा सुटल्या. नर्सबाई म्हन्ते, यवतमाळले न्या लागते. गाडी द्या नं."

"गाडी आपली नाही, वच्छलाबाई. कंपनीची हाय."

"मंग अन्सारभाईले चालवू द्या. तिले मांग बसवतो."

करारात तेवढी मुभा होती. भाभींना ते ठाऊक होतं.

"नाही चालत," त्या म्हणाल्या.

वर्कशॉपातली हातोडी थांबली. मला वाटलं, अन्सारभाई आता बाहेर येतील. थोड्या वेळाने हातोडी पुन्हा सुरू झाली. वच्छलाबाईंनी माझ्या विटांकडे एकदा पाहिलं आणि त्या स्टँडकडे पळाल्या. सून मालवाहू टेम्पोत, रस्त्यातच बाळंत झाली. बाळ वाचलं, एवढीच देवाची कृपा.

यंदा ईदला भाभींनी नेहमीसारखा मोठा टोप भरून शीरखुर्मा केला. दरवर्षी सकाळपासून गल्ली लोटायची. या वेळी संध्याकाळ झाली तरी उंबरा कोणी ओलांडला नाही. भाभी पुन्हा पुन्हा दारात येऊन पाहत होत्या. शेवटी अन्सारभाई एक वाटी घेऊन माझ्या सीटवर येऊन बसले. शीरखुर्मा तसाच थिजला.

मित्रांनो, गाडी विकत घ्यावी की लीजवर, हे मला विचारू नका. मी भंगार, मला करार कुठला कळायला? भाभींचं दुःख खरं होतं आणि त्यात माझाही वाटा होता. पण तुम्ही माझ्यासारख्या गाडीला पुसाल, तेलपाणी कराल, तशी दारातल्या खिळ्याचीही काळजी घ्या. तो उपटायला एक पक्कड पुरते. नवा खिळा कधीही ठोकता येतो, पण त्याच्याकडे हक्काने हात नेणारा माणूस पुन्हा दारात येईलच असं नाही.