वगळलेले साडेतीन तास

ओपलीन टॅटम एकोणीस वर्षं वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरींचा गठ्ठा मशीनमधून ओढताना तिचा खांदा निखळला. आश्रमाची विमा कंपनी म्हणाली, बाईंनी दुखापत वेळेत कळवलीच नाही. कळवली तर होती, त्याच दुपारी, आणि अपघातांच्या वहीत तशी नोंदही होती. पण ती वही कंपनी आम्हाला दाखवेना.

आम्ही म्हणजे ओपलीनचे क्रूज वकील आणि त्यांची कारकून मी, लोरीन. फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला, आमच्या गावात वकिलाचं ऑफिस हे एवढंच. साहेब बहुतेक कोर्टात, त्यामुळे ओपलीनचे फोन मीच घ्यायचे.

"वही मिळाली का गं, लोरीन?"

"नाही अजून. तिसरं पत्र धाडलंय."

"बरं." मग विषय बदलून, "आज खारींनी दारचं पेकान अक्रोडाचं झाड झोडपून काढलं. मेल्यांनी एक दाणा ठेवला नाही."

फोन ठेवता आला असता. पण नवरा गेल्यापासून माझ्याही घरी बोलायला कुणी नव्हतं. "मग आज शिजवलंस काय?" मी विचारायचे. एका हाताने मक्याच्या पावाचं पीठ कसं कालवायचं, हे ती अर्धा तास सांगायची. फोन ठेवला की मी सवयीने ऑफिसच्या कामाच्या वेळेच्या तक्त्यात मिनिटं लिहायचे, समोर विषय.

चार महिन्यांनी न्यायाधीशांनी वही द्यायला लावली. नोंद सापडली. शिवाय, वही दडवल्यामुळे आम्हाला जो खटाटोप करावा लागला, त्याची वकील-फी कंपनीने भरावी, असा हुकूम झाला. फी किती, हे ठरवायला तास दाखवणं भाग होतं. मी तक्ता होता तसा टाईप केला. साहेबांनी घाईत सही केली.

सुनावणीला ओपलीन चर्चची टोपी घालून माझ्या शेजारी बसली होती. कंपनीचा वकील तक्ता घेऊन उभा राहिला.

"अकरा फेब्रुवारी. छत्तीस मिनिटं. विषय, खारी." कुणीतरी हसलं. "न्यायाधीश महाराज, या बाईंना वही हवी होती, की गप्पा मारायला माणूस?"

ओपलीनने मान खाली घातली. उठून सांगायला हवं होतं, की विषय मीच वाढवत होते. मी बुटांकडे बघत बसले.

न्यायाधीशांनी साडेतीन तास वगळले, बाकीची फी मंजूर केली. पुढे ओपलीनला दर आठवड्याची भरपाईही सुरू झाली आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. साहेब खूश होते.

सुनावणीच्या दिवशी बाहेर गाडीपाशी मी म्हटलं, "ओपलीन, मी मुद्दाम नाही..."

"तुझं कामच आहे ते, बाई." तिने डाव्या हाताने दार उघडलं. "मला आपलं वाटलं, तेवढं तू लिहीत नसशील."

त्यानंतर तिचे फोन बंद झाले. काही विचारायचं असलं तर चिठ्ठी टाकायची, तीन ओळींची.

ऑपरेशननंतर एका रविवारी मी घरून फोन लावला.

"कामाचं आहे का काही?" तिने विचारलं.

"नाही गं. सहजच. घरून बोलतेय."

ती म्हणाली, हात अजून वर जात नाही, पण दुखणं कमी आहे. आणि फोन ठेवला.

मी दर रविवारी लावते. ती उचलते. बोलते मोजकंच.