बाबा उठून गेले

मुंबईचा वाद्यवृंद महाडच्या सभागृहात आला होता, तीनशे वर्षांपूर्वीची जर्मन चर्चमधली भक्तिगीतं घेऊन. एकटीने गाणारी सेजल मात्र इथलीच, पोलादपूरजवळच्या एका वाडीतली. तिचे बाबा, भागोजी, नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते.

व्हायोलिनं थांबली आणि सेजलने देवाला मारलेल्या हाकेचा एकच उंच स्वर धरला. तेवढ्यात बाबा उठले आणि बाहेर चालते झाले. तरी तिने गाणं पुरं केलं. मध्यांतर होताच ती धावत पायऱ्यांवर आली.

"बाबा, नाय आवडलं?"

"तसं नाय गो." त्यांनी मान वर केली नाही. "तुजी आय दरडीखाली व्हती ना, तवा अशीच हाक येत व्हती. आमी हातांनी माती उपसत व्हतो. दुपारपर्यंत येत व्हती. मंग थांबली."

रात्री दरड कोसळली तेव्हा आई झोपेतच गेली, असं सेजलला इतकी वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं.

ती त्यांच्या शेजारी बसली. आत वाद्यं पुन्हा जुळवली जात होती. तिला बोलवायला कुणीतरी दारात आलं.

"जा तू," बाबा म्हणाले. पण तिचा हात त्यांनी घट्ट धरला होता. ती उठली नाही.