जिरॅनिऑलचा वास

रोशा गवताच्या तेलातून जिरॅनिऑल काढणाऱ्या कारखान्यात जितेश लग्नाआधीपासून होता. अत्तरात पडणारं ते द्रव्य त्याच्या अंगात मुरलं होतं. कितीही साबण लावला तरी केसांना गुलाबाचा वास राहायचाच. सुप्रिया चिडवायची, "नवरीसारखा घमघमतोस रं!"

एका सकाळी तेल तापवायची टाकी फुटून पेटली.

सुप्रिया खोपोलीच्या दवाखान्यात पोचली तेव्हा भाजलेली माणसं व्हरांड्यापर्यंत ठेवली होती. तोंडं पट्ट्यांत गुंडाळलेली, कोण कुणाचा ते कुणालाच सांगता येईना. हाका मारत ती एकेकावर वाकत गेली आणि एका खाटेपाशी थबकली. पट्टीबाहेर आलेल्या केसांना तोच गुलाबाचा वास. अंगकाठीही तीच.

"ह्योच माजा नवरा! मुंबईला न्या याला, पाया पडते तुमच्या!"

अँब्युलन्स एकच उरली होती. सुप्रियाने डॉक्टरांचा हात धरला तो सोडलाच नाही. शेवटी स्ट्रेचर गाडीत चढलं. ती आत पाय टाकणार, तोच तो माणूस कण्हला, "जना... माज्या जनाला बोलवा..."

आवाज जितेशचा नव्हता. हा जितेशच्या खात्यातला किशोर, जनाचा नवरा!

"ताई, बसा लवकर," ड्रायव्हर म्हणाला.

याला उतरवा, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या तोंडून ते निघेना.

"तुमी जावा. न्या त्याला," म्हणून ती उलट पावली आत धावली.

जितेश जिन्याखाली जमिनीवर होता. डोक्यावर केस उरले नव्हते. मघाशी ती त्याच्याजवळूनच पुढे गेली होती.

"सुप्रिये, पाणी दे गं," तो म्हणाला, म्हणून या वेळी ती थांबली.

दुसरी गाडी येईना. तिने रस्त्यावर आडवं होऊन भाजीचा टेंपो थांबवला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती सारखी बोलत राहिली. पनवेलच्या अलीकडेच त्याने बोलण्याला हुंकार देणं थांबवलं.

किशोर वाचला. पुढे जना भेटायला आली. सुप्रियाचे हात हातात घेऊन ती म्हणाली, "कुणा बाईनं भांडून ह्यांना गाडी मिळवून दिली म्हनं. तूबी तिथंच व्हतीस ना? बघितलीस का गं तिला?"

सुप्रियाने हळूच हात सोडवून घेतले.

"नाय गं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.