पावडर न घातलेली बाटली

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, बाबांची बाटली दीड महिना तशीच पडून होती. चिठ्ठीवर त्यांचं गिचमिड अक्षर : ‘पावडर घातलेली नाही.’

बाबा सांडपाण्याच्या पंपावर ऑपरेटर. लेक सूक्ष्मजीवशास्त्र शिकता शिकता जिवाणूंचा फडशा पाडणाऱ्या विषाणूंच्या नादी लागली, आणि हे विषाणू सांडपाण्यात खंडीने सापडतात असं कळल्यावर तर बाबांना कोण आनंद! “लोक लेकीला फुलं आणतात, मी गटार आणतो,” म्हणत दर आठवड्याला बाटली भरून द्यायचे.

वर्षभर एकाही बाटलीत काही सापडलं नाही. मग एकदा जेवताना बाबाच सहज म्हणाले, “तू निर्धास्त राहा गं. प्रत्येक बाटलीत चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकतो मी. तुझ्या हातांना काही व्हायला नको.”

“बाबा! तुम्ही सगळं मारून आणता आणि मी त्यात जिवंत शोधत बसते? अख्खं वर्ष फुकट घालवलंत माझं!”

बाबांचा घास हातातच राहिला. हा माणूस आयुष्यभर पंपावरच अंघोळ उरकून घरी यायचा. कामाचा वास त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता.

दोन दिवसांनी त्यांनी ही बाटली गुपचूप तिच्या टेबलावर ठेवली. त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. बोलणं राहूनच गेलं.

“आणखी ठेवलीस तर आतलं उरलंसुरलंही मरेल,” मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. “उघड आता.”

“उघडली की संपेल, मॅडम.”

“नाही उघडलीस तरी संपेलच गं.”

तिने झाकण फिरवलं. भपकारा आला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण “शी!” करून खिडकीकडे पळाली. ती मात्र जागची हलली नाही. बाबांचा वास म्हणजे साबणाचा, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यांचे रोजचे आठ तास तिला आज पहिल्यांदा भेटत होते.

मग तिने पाणी गाळलं, जिवाणूंत मिसळून ताटलीत ओतलं आणि ताटली उबेला ठेवली.

सकाळी ताटलीवर जिवाणूंचा दुधी थर पसरला होता आणि त्यात जागोजाग स्वच्छ, गोल भोकं पडली होती.

“चाळणी केलीय की विषाणूंनी!” मॅडम वाकून बघत म्हणाल्या. “काय पाणी होतं गं हे!”

“बाबांनी आणलं होतं,” ती म्हणाली.

रिकामी बाटली धुवायच्या टोपलीत टाकायची असते. तिने ती टाकली नाही. झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी भिजू नये म्हणून बाटली रुमालात गुंडाळली आणि न धुताच घरी नेली.